मासा धापा का टाकतो?

शाळेच्या मत्स्यालयातील गोल्डफिश एकाएकी पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. ‘कल्ल्यांचा रोग’ असे निदान करून बाजारातील एखादे औषध टाकीत ओतले जाते, आणि मासे वाचण्याऐवजी लवकर मरतात. वास्तविक धाप हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. तिचे मूळ पाण्यात, रक्तात किंवा कल्ल्यांत असू शकते. ते शोधण्याचा क्रम माहीत असावा.

एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम विरघळतो, तर ३० अंशांना साधारण साडेसात. एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर मासा जगतो, तो कल्ल्यांच्या रचनेमुळे. प्रत्येक बाजूस चार कमानी, कमानींवर तंतू आणि तंतूंवर अतिशय पातळ पडदे असतात. पडद्यातील रक्त व बाहेरील पाणी विरुद्ध दिशांनी वाहत असल्याने रक्ताला वाटेत सतत अधिक ऑक्सिजनचे पाणी भेटत राहते. परंतु हाच नाजूक पडदा विषारी द्रव्यांच्याही थेट संपर्कात असतो. तो सुजला किंवा त्यावर चिकट स्राव साचला, की ऑक्सिजनची वाट अडते.

म्हणून पहिला प्रश्न असा : सर्व मासे एकदम धापा टाकतात, की एखाददुसराच?

सर्वच मासे एकदम त्रस्त झाले, तर आधी पाण्यावर संशय घ्यावा. पहाटे त्रास अधिक असेल, तर ऑक्सिजन कमी पडतो आहे. रात्री वनस्पतीही तो वापरतात. नुकतेच नळाचे पाणी भरले असेल, तर क्लोरीनने कल्ले पोळलेले असू शकतात. टाकी काही दिवसांपूर्वीच मांडली असेल, तर अमोनिया साठला असावा, कारण त्याचे रूपांतर करणारे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. पाण्याचा सामू ७ वरून ८ झाला, तर तेवढ्याच एकूण अमोनियातील विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

अमोनियानंतर नायट्राइट वाढते. ते कल्ल्यांतून रक्तात शिरून हिमोग्लोबिनला निकामी करते. मग पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो आणि कल्ले तपकिरी दिसतात. पाण्यात थोडे मीठ घातल्यास त्यातील क्लोराइड नायट्राइटचा प्रवेश रोखते.

त्रास एकेका माशापासून हळूहळू पसरत असेल, मासे दगडांवर अंग घासत असतील किंवा एकाच बाजूचे कल्ले हलवत असतील, तर परजीवींचा विचार करावा. डॅक्टिलोगायरस हा चपटा कृमी कल्ल्यांनाच चिकटतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे आदिजीवही कधीकधी केवळ कल्ल्यांतच असतात. तेव्हा अंगावर एकही ठिपका दिसत नाही. अशा वेळी नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा बारीक तुकडा टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात ठेवून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. हालचाल करणारे परजीवी सहज दिसतात. मासा मरून बराच वेळ झाला असेल, तर कल्ल्यांचा रंग उडतो व परजीवीही निघून जातात. त्या तपासणीवर विसंबू नये.

कारण कोणतेही असो, प्रथम हवेचा पंप जोरात चालू करावा, खाद्य थांबवावे आणि सुमारे एकतृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलेले व टाकीतल्या पाण्याच्याच तापमानाचे असावे. औषधाची पाळी निदानानंतर. फॉर्मॅलिनसारखी औषधे पाण्यातला ऑक्सिजन आणखी कमी करतात, हे विसरू नये.

विद्यार्थ्यांकडून एक सोपी नोंद ठेवून घेता येईल. मासे निरोगी असताना रोज एकाच वेळी, खाद्य देण्यापूर्वी, कल्ल्यांवरील झाकण मिनिटाला किती वेळा उघडते ते मोजावे व सोबत पाण्याचे तापमान लिहावे. गुरामी आणि फायटर हे मासे मात्र हवा घेण्यासाठी एरवीही वर येतात, ते आजाराचे लक्षण नव्हे. तापमान तेच असताना आकडा वाढू लागला, तर मासे पृष्ठभागाशी येण्यापूर्वीच टाकीत काहीतरी बिघडल्याचे वर्गाला कळेल.