आपत्काळात परराज्यात चिकित्सा : नोंदणी, तात्पुरती अनुज्ञा आणि वैद्याची पूर्वतयारी

ऑगस्ट २०१९ मधील कृष्णा-पंचगंगेचा महापूर ओसरल्यानंतर प्रस्तुत लेखक शिरोळ तालुक्यातील एका निवारा छावणीत काही दिवस रुग्णसेवेस होता. सीमेपलीकडील चिक्कोडी भागातील एक वैद्यमित्र औषधांच्या दोन पेट्या घेऊन स्वखर्चाने तेथे आले. छावणीच्या व्यवस्थापकांनी त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र मागितले. नोंदणी कर्नाटकातील होती आणि तिची छायाप्रतही जवळ नव्हती. बाहेर प्रवाहिका, दद्रु व ज्वराच्या रुग्णांची रांग लागलेली असताना वीस वर्षांचा अनुभव असलेला हा चिकित्सक सायंकाळपर्यंत पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या वाटत राहिला. व्यवस्थापकांना दोष देता येत नाही. संकटग्रस्तांसमोर कोणीही वैद्य म्हणून येऊन बसावे, हे आपल्यापैकी कोणास मान्य होईल? मात्र रुग्ण, औषध आणि चिकित्सक एकाच मांडवाखाली असूनही चिकित्सा घडली नाही, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

कायद्याची चौकट

आपल्या राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील, तर वैद्यकीय व्यवसाय हा समवर्ती सूचीतील विषय आहे. त्यामुळे चिकित्सकाची नोंदणी प्रथम राज्यात होते. महाराष्ट्रात आपण १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली नोंदले जातो. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद अधिनियम, १९७० याने याच्या जोडीला केंद्रीय नोंदवही निर्माण केली आणि तीत नाव असलेल्या वैद्यास आपल्या अर्हतेनुसार भारतात कोठेही व्यवसाय करण्याचा अधिकार दिला. या कायद्याची जागा आता २०२० च्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग अधिनियमाने घेतली असून तो जून २०२१ पासून अमलात आहे. राज्य नोंदवही व राष्ट्रीय नोंदवही अशी दुहेरी व्यवस्था त्यातही कायम आहे.

म्हणजे आमच्या चिक्कोडीच्या मित्राची अडचण मुख्यतः पुराव्याची होती. ते कोण आहेत, याची खातरजमा करण्याचे साधन त्या मांडवात कोणाच्याच हाती नव्हते.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेत प्रश्न याहून बिकट आहे, कारण तेथे प्रत्येक राज्य स्वतंत्र परवाना देते. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळाने लुइझियाना व मिसिसिपी या राज्यांत हाहाकार उडविला. राज्याराज्यांतील परस्पर साहाय्याच्या कराराला तेथील संसदेने १९९६ मध्येच मान्यता दिली होती. परंतु तो प्रामुख्याने शासनाने पाठविलेल्या मनुष्यबळासाठी होता. स्वेच्छेने निघालेल्या अनेक चिकित्सकांची सेवा परवान्याच्या पडताळणीत अडकली. या अनुभवातून २००६ मध्ये एक नमुना कायदा तयार झाला. त्याचे सूत्र सोपे आहे. स्वयंसेवी चिकित्सकाने आपले नाव आधीच नोंदवावे; अधिकृतपणे आपत्ती घोषित झाली की तिच्या कालावधीपुरता त्याचा मूळ राज्यातील परवाना आपद्ग्रस्त राज्याने ग्राह्य धरावा; आणि त्याने त्या राज्याच्या व्यवसायमर्यादेतच राहून काम करावे. सर्व राज्यांनी हा कायदा स्वीकारलेला नाही. म्हणून मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कसारख्या राज्याला परराज्यीय चिकित्सकांसाठी गव्हर्नरच्या आदेशाने दार उघडावे लागले.

त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्र शासनाने केरळकडे ५० तज्ज्ञ डॉक्टर व १०० परिचारिकांची मागणी केली आणि केरळचे पथक मुंबईत अंधेरीच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात सेवेस आले. असे पथक शासनाच्या पत्राने येते, तेव्हा त्याची ओळख शासनच पटविते. एकट्याने निघालेल्या वैद्याला मात्र हा आधार नसतो.

अधिकाराची सीमा

आपल्या दृष्टीने सर्वांत नाजूक मुद्दा पुढेच आहे. महाराष्ट्रातील नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरास आधुनिक औषधे वापरण्याची जी मुभा आहे, ती राज्याच्या कायद्याने व आदेशाने दिलेली आहे. डॉ. मुख्तियार चंद विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर १९९८ रोजी दिलेल्या निकालाने ही मुभा संबंधित राज्याच्या कायद्याशी बांधलेली असल्याचे स्पष्ट केले. सबब राज्याची सीमा ओलांडताना वैद्याचे आयुर्वेदाचे ज्ञान व अर्हता त्याच्याबरोबर जाते. ही मुभा आपोआप जात नाही. पूरानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने छावणीत प्रतिजैविकांच्या गोळ्या वाटल्या जातात. परराज्यात गेलेल्या आपल्या सभासदाने त्या स्वतःच्या अधिकारात लिहून दिल्यास हेतू शुद्ध असूनही तो कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. तेथील शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याच्या लेखी सूचनेनुसारच अशा वेळी वागावे.

काय करता येईल?

राज्य परिषदांनी आपत्काळासाठी तात्पुरत्या अनुज्ञेची पद्धत ठरवावयाची झाल्यास तीत चार गोष्टी हव्यात : आपत्तीची अधिकृत घोषणा, त्याच दिवशी होणारी पडताळणी, अनुज्ञेची निश्चित मुदत आणि व्यवसायमर्यादेचा स्पष्ट उल्लेख. मुदत व मर्यादा नसलेली सवलत भोंदूंना मागचे दार उघडून देते, तर विलंबाने मिळालेली अनुज्ञा रुग्णाच्या उपयोगी पडत नाही.

तोपर्यंत सभासदांनी स्वतःपुरते एवढे अवश्य करावे. नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करावे. राष्ट्रीय नोंदवहीत आपले नाव आले आहे किंवा नाही, याची खात्री करून घ्यावी. नोंदणी व पदवी प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती प्रवासात जवळ ठेवाव्यात. परराज्यात पोहोचताच जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे नाव नोंदवून कामाचे ठिकाण लेखी घ्यावे. तपासलेल्या प्रत्येक रुग्णाची व दिलेल्या औषधाची नोंद ठेवावी आणि परतताना तिची प्रत तेथील यंत्रणेकडे द्यावी, म्हणजे आपल्यामागे रुग्णाची चिकित्सा खंडित होणार नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. गंगातीरी कांपिल्य नगरीजवळ विहार करीत असता भगवान आत्रेयांनी अग्निवेशाला येऊ घातलेल्या संकटाची चाहूल दिली आणि भूमी विरस होऊन औषधींचे वीर्य नष्ट होण्यापूर्वीच त्यांचा संग्रह करून ठेवण्यास सांगितले. संकट आल्यावर शोधलेली औषधी निर्वीर्य ठरते. कागदपत्रांचेही तसेच आहे. चिक्कोडीचे आमचे ते मित्र आता औषधपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस नोंदणी प्रमाणपत्राची प्रत चिकटवून ठेवतात. आपणही ती ठेवावी, ही नम्र विनंती.