पुन्हा तेच पुस्तक!

"डॉक्टर, याला हौसेनं पाच-सहा पुस्तकं आणली. पण हा रोज एकच पुस्तक घेऊन येतो. दुसरं उघडलं की रडतो. याचं काही बिघडलंय का?"

मागच्या आठवड्यात अडीच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आलेल्या एका आईने मला हा प्रश्न विचारला. मुलाची प्रकृती उत्तम होती. हातात ते पुस्तकही होतेच. कोपरे चघळलेले, मधोमध चिकटपट्टी लावलेली. मी त्यांना म्हणालो, "बाई, बिघडलेले काहीच नाही. तुमच्या मुलाला त्याचे आवडते पुस्तक सापडले आहे." बऱ्याच घरांत हा प्रश्न पडतो, म्हणून आज त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

तेच ते का हवे असते?

आपल्याला गोष्ट एकदा कळली की ती संपते. लहान मुलाचे तसे नसते. पहिल्यांदा ते फक्त चित्रातला कुत्रा पाहते. तिसऱ्या-चौथ्यांदा त्याला शब्द ओळखीचे वाटू लागतात. दहाव्यांदा पुढच्या पानावर काय येणार हे त्याला आधीच माहीत असते आणि तसेच घडले की त्याला आनंद होतो. या काळात शब्द त्याच्या मनात पक्के बसत असतात.

इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील जेसिका हॉर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली याविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या काही मुलांना आठवडाभर त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, तर काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हींकडे सारख्याच वेळा कानांवर पडले. तरीही त्याच गोष्टी ऐकणाऱ्या मुलांनी ते शब्द अधिक चांगले आत्मसात केले. तेव्हा 'पुन्हा तेच' म्हणणाऱ्या मुलावर वैतागू नका.

पुस्तक कसे निवडावे?

एक वर्षाच्या आतील बाळाला जाड पुठ्ठ्याच्या पानांचे, मोठ्या व ठळक चित्रांचे पुस्तक द्यावे. ते तोंडात जाणारच, म्हणून रंग उडणारे किंवा टाचण्या लावलेले नसावे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला ओळखीच्या वस्तू आवडतात : वाटी, चप्पल, मांजर, बस. दोन ते तीन या वयात एकच वाक्य पानोपानी परत येणारी छोटी गोष्ट घ्यावी, म्हणजे मूल ते वाक्य आपल्याबरोबर म्हणू लागते. तीन वर्षांनंतर हरवलेली चेंडूफळी, रुसलेला भाऊ अशी एखादी छोटी अडचण आणि तिचा उलगडा असलेली गोष्ट चालते. मुलाला आपल्यासारखे घर पुस्तकात दिसले तर ते लवकर रमते. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'मध्ये घरातलीच माणसे भेटतात, ती म्हणूनच मुलांना जवळची वाटतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तकेही पाहावीत.

आणखी एक कसोटी आहे. हे पुस्तक पन्नास वेळा वाचायला लागले तर आपल्याला सोसेल का, असे दुकानातच स्वतःला विचारा. वाचणारा कंटाळला की मुलाला ते लगेच कळते. शेवटच्या पानावर तात्पर्य चिकटवलेली आणि भीती दाखवून शिस्त लावणारी पुस्तके या वयात टाळलेली बरी.

वाचायचे कसे?

सगळे अक्षर न् अक्षर वाचलेच पाहिजे असे नाही. चित्रावर बोट ठेवून "हे कोण?" असे विचारा आणि मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबा. मूल "भू भू" म्हणाले तर आपण म्हणावे, "हो, काळा भू भू पळतोय." अमेरिकेतील व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवून दिले, की अशा रीतीने प्रश्न विचारत, मुलाला बोलते करत महिनाभर वाचले, तर दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे बोलणे नेहमीसारखे वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे जाते.

"आम्हाला वाचता येत नाही" किंवा "आमची बोली पुस्तकासारखी नाही" असे काही आजी-आजोबा संकोचाने सांगतात. त्यांना मी सांगतो, चित्रे पाहून आपल्या बोलीत गोष्ट सांगा. मुलाला आपल्या माणसाचा आवाज हवा असतो.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या एका मुलाची आई "हा फार कमी बोलतो" अशी तक्रार घेऊन आली होती. "मुलगे उशिरा बोलतात, थोडे थांबा," असे सांगून मी तिला परत पाठवले. सहा महिन्यांनी त्या मुलाची आजी आली. ती रोज त्याला पुस्तक वाचून दाखवत असे. ती म्हणाली, "मांडीवर पाठमोरा बसवून वाचलं की याचं लक्षच नसतं. समोर बसवलं की माझ्या तोंडाकडे टक लावून बघतो." तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलेले निघाले. उपचारांनंतर ऐकू नीट येऊ लागले आणि हळूहळू बोलणेही आले. पण ते सहा महिने माझ्या एका वाक्याने वाया गेले. जे मी दहा मिनिटांत ओळखले नाही, ते आजींना पुस्तकामुळे दिसले.

म्हणून पालकांनी हे लक्षात ठेवावे. एक वर्षाचे बाळ बडबड करत नसेल किंवा हाकेला वळून पाहत नसेल, दीड वर्षापर्यंत अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, अथवा येत असलेले बोलणे थांबले असेल, तर "बोलेल आपोआप" म्हणून थांबू नये. आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. जन्मानंतर केलेली चाचणी चांगली आली असली, तरी पुढे दोष उद्भवू शकतो. पुस्तक हे त्यावरचे औषध नव्हे.

आणि मोबाइल?

जेवताना मोबाइलवर गाणी लावून दिली की मूल शांत बसते, हे खरे. पण मोबाइल मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासाहून अधिक नको. बसल्या वेळी वाचन आणि गोष्टी सांगणे चांगले, असेही त्यांत म्हटले आहे.

रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे पुरेशी आहेत. दोन-तीन पुस्तके मुलाच्या हाताला येतील अशी खालच्या फळीवर ठेवा आणि निवड त्याच्यावर सोपवा. ते पुन्हा तेच घेऊन येईल. आपण मांडी घालून बसावे आणि पहिल्या पानापासून सुरुवात करावी.