चारशे दिवसांचे घड्याळ

जुन्या घड्याळांचा नाद असलेल्या माणसाच्या हाती कधी ना कधी काचेच्या घुमटाखालचे एक पितळी घड्याळ येते. त्याचा लंबक झुलत नाही. चार गोळे असलेली त्याची चकती स्वतःभोवती सावकाश वळते, थांबते आणि उलटी फिरते. एकदा किल्ली दिली की घड्याळ सुमारे चारशे दिवस चालते. नाव त्यावरूनच पडले.

विहिरीच्या दोराला टांगलेली कळशी दोराचा पीळ सुटताना गरगर फिरते, थोडी पुढे जाते आणि पुन्हा उलट वळते. येथेही तेच घडते. मात्र दोराच्या जागी धातूची सुमारे दशांश मिलिमीटर जाडीची पट्टी असते. अमेरिकेत क्रेन याने १८४१ साली अशा लंबकाचे पेटंट घेतले. १८८० च्या सुमारास जर्मनीत हार्डर याने चारशे दिवसांचे घड्याळ सिद्ध केले. सेकंदाच्या लंबकाचे घड्याळ मिनिटाला साठ ठोके देते, तर हे बहुधा आठच. म्हणून त्याला शक्ती फार थोडी लागते; पण म्हणूनच सुकलेले तेल किंवा किंचित तिरपी बैठकही त्याला बंद पाडते.

रत्नागिरीच्या हवेत या घड्याळाचे काय होते? येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि वाऱ्यात मीठ असते. जुन्या पोलादी पट्टीला गंज चढतो व ती एके दिवशी तुटते. परंतु तोच समुद्र एक उपकारही करतो. साधी पोलादी पट्टी उष्णतेने नरम पडते. उष्णमान एका अंशाने वाढले की घड्याळ दिवसाकाठी दहा सेकंदांहून अधिक मागे पडते. देशावर थंडी व उन्हाळा यांत मोठे अंतर असते. समुद्रकाठी ते कमी. म्हणजे जो समुद्र पट्टी खातो, तोच वेळ सांभाळतो. उष्णतेने फारशा न बदलणाऱ्या निकेलमिश्र धातूंच्या संशोधनात अग्रणी असलेल्या गियोम यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५० च्या सुमारास अशा धातूच्या पट्ट्या या घड्याळांसाठी मिळू लागल्या.

पट्टी बदलताना घाई नडते. जाडी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने चुकली, तरी दिवसाला सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो. गोळे आतबाहेर सरकवून थोडी चूक सुधारता येते, सगळी नव्हे. मुडपलेली पट्टी सरळ करून भागत नाही. ती टाकूनच द्यावी. पण तुटलेले तुकडे मात्र जपावेत, कारण मूळ जाडी त्यांवरूनच मापता येते. घड्याळ हलवण्यापूर्वी लंबक अडकवून ठेवावा किंवा काढून घ्यावा, आणि नंतर बैठक सपाट करावी.

आमचे सांगणे एवढेच, की बंद पडलेले घड्याळ मेले असे समजून त्याचे यंत्र काढू नये आणि आत बॅटरीचे यंत्र बसवू नये. पुष्कळदा दुखणे त्या एका केसासारख्या पट्टीचे असते. ती बदलता येते. फेकून दिलेली चाके परत मिळत नाहीत.