विनोदी ऑपेरातील आवाजांची जात

ऑपेरात आवाजाच्या जातीवरून भूमिका ठरतात हे खरे. परंतु ती जात गायक किती उंच स्वर लावतो एवढ्यावरच ठरते, नायिका म्हणजे सोप्रानोच, म्हणजे स्त्रीकंठांतील सर्वांत उंच जात, आणि विनोदी पात्राच्या वाट्याला गाणेही मामुलीच, असा जो समज पुष्कळ रसिकांत रूढ आहे, तो रोस्सिनीच्या 'सेव्हिलचा न्हावी' या एकाच कृतीपुढे टिकत नाही.

आपला गवई गळ्याला सोयीची पट्टी स्वतः निवडतो. ऑपेरात मात्र स्वर रचनाकाराने कागदावर कायम केलेला असल्यामुळे, एखादा तारस्वर क्षणभर लागतो की नाही यापेक्षा, गळा कोणत्या स्वरांत दीर्घकाळ न शिणता वावरतो आणि तेथे त्याचा नाद कसा उमटतो, हे पाहावे लागते.

२० फेब्रुवारी १८१६ रोजी रोमच्या आर्जेंतिना नाट्यगृहात ही कृती प्रथम सादर झाली, तेव्हा तिची नायिका, चतुर रोझीना, गायिली ती जेल्त्रूदे रिगेत्ती-जोर्जी, म्हणजे कॉन्ट्राल्टो, स्त्रीकंठांतील सर्वांत खालची जात. पुढे सोप्रानो गायिकांनी तीच गाणी वर चढवून आपलीशी केली.

रोझीनाचा पालक डॉक्टर बार्तोलो हा तर खर्जाचा विनोदी गायक. तिने चोरून पत्र लिहिले असा त्याला संशय येतो: तिच्या बोटाला शाई, सहा कागदांपैकी एक गहाळ, लेखणी ताजी तासलेली. ती म्हणते, भाजले म्हणून शाई लावली, कागदात मिठाई बांधली, लेखणीने फूल रेखाटले. या जबानीवर बार्तोलो जे गाणे गातो, ते आधी डॉक्टरी रुबाबात संथ चालते आणि मग एकाएकी इतके द्रुत होते की श्वास घेण्यास उसंत नाही, तरी प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू आले पाहिजे. किंबहुना ते इतके कठीण की एकोणिसाव्या शतकात पुष्कळ गायक ते वगळून पिएत्रो रोमानीने रचलेले दुसरे गाणे तेथे गात असत. ज्याला हे पेलले, त्याला दुय्यम गायक म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

रोझीनाचा प्रियकर आल्माव्हीव्हा मात्र टेनरच, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा, आहे. परंतु अखेरीस त्याला दिलेल्या बिकट गाण्याचे संगीत रोस्सिनीने पुढच्याच वर्षी 'ला चेनेरेंतोला' या आपल्या दुसऱ्या ऑपेराच्या समारोपात नायिकेकडे सोपविले, आणि ते गायिली तीच रिगेत्ती-जोर्जी.