विदा-चित्रांचे आकलन : विज्ञान संग्रहालयातील प्रेक्षक आणि रंगांचे वाचन

अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाने (नोआ) विकसित केलेला ‘सायन्स ऑन अ स्फिअर’ हा सुमारे १.७ मीटर व्यासाचा पांढरा गोल अनेक देशांतील विज्ञान संग्रहालयांत टांगलेला आढळतो. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रातही तो आहे. चार प्रक्षेपकांच्या साहाय्याने त्यावर ढग, सागरपृष्ठाचे तापमान, भूकंप इत्यादींची विदा फिरत्या पृथ्वीच्या रूपात दाखविली जाते. प्रेक्षक त्यासमोर रेंगाळतात. परंतु रेंगाळणे म्हणजे समजणे नव्हे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच फरक होय.

सागरातील हरितद्रव्याच्या नकाशाचे उदाहरण घेऊ. रूढ इंद्रधनुषी रंगपट्टीत जांभळा-निळा रंग अल्प प्रमाण, तर पिवळा-तांबडा अधिक प्रमाण दर्शवितो. पेरूच्या किनाऱ्यालगत खोलवरचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते, वनस्पती-प्लवकांची वाढ होते आणि नकाशावर तो पट्टा तांबूस उमटतो. ‘लाल म्हणजे उष्ण’ हा संकेत हवामानाच्या बातम्यांतून अंगवळणी पडलेला प्रेक्षक तेथे उष्ण समुद्र पाहतो. वस्तुतः तो आसपासच्या समुद्राहून थंड असतो! याला निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. अन्यत्र उपयोगी पडलेलेच वाचन येथे फसते.

तापमान-विचलनाच्या नकाशात हा घोटाळा अधिक गंभीर ठरतो. आर्क्टिक प्रदेश तेथे गडद लाल दिसतो, कारण तो सरासरीपेक्षा अधिक तापला आहे. विचलन आणि प्रत्यक्ष तापमान यांतील भेद न कळलेल्या प्रेक्षकास बर्फाळ प्रदेशाचा लाल रंग असंभवनीय वाटतो आणि हवामानबदलाच्या पुराव्यावरच त्याचा अविश्वास बसू शकतो.

स्टोफर यांनी ‘जर्नल ऑफ जिओसायन्स एज्युकेशन’मध्ये २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही अशा चित्रांतून अर्थ शोधताना शिकणाऱ्यांची होणारी ओढाताण नोंदविली आहे. म्हणूनच ‘प्रदर्शन आवडले का?’ या प्रश्नावर उभे राहिलेले मूल्यमापन अपुरे आहे. चित्र समोर असतानाच प्रेक्षकास बोलते करावे : हा लाल भाग कशाचा? हे एका दिवसाचे चित्र की अनेक वर्षांची सरासरी? तेच चित्र दुसऱ्या रंगपट्टीत दाखवून उत्तर बदलते का, हेही पाहावे. (युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांना लाल-हिरव्यातील भेद नीट जाणवत नाही, ही बाब इंद्रधनुषी पट्टीचे समर्थक सहज विसरतात.) प्रश्नांची उत्तरे प्रेक्षकाच्याच शब्दांत टिपावीत. बरोबर-चूक अशा खुणांनी चूक मोजता येते, पण ती कोठून उद्भवली हे कळत नाही, आणि चित्र सुधारण्यासाठी नेमके तेच हवे असते.