गाणाऱ्याच्या शेजारचा माणूस : गणपतराव बोडस

जालना-अंबडकडे लग्नानंतर घरी गोंधळ घालतात, तो तुम्ही पाहिलाच असेल. मुख्य गोंधळी कथा लावतो. शेजारचा साथीदार मध्येच खोचक प्रश्न विचारतो, धृपद उचलतो, लोकांना हसवतो. त्याच्याशिवाय कथा पुढे सरकत नाही, पण नाव होतं ते मुख्य गोंधळ्याचं. आजच्या भागातला माणूस असाच, फक्त संगीत नाटकातला.

‘बालगंधर्व’ हा २०११ चा सिनेमा बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिलाय. त्या बालगंधर्वांसोबत १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढणारे दोघे म्हणजे गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस. टेंबे संगीतातले. बोडसांची ताकद मात्र गाण्यात नव्हती, बोलण्यात होती. आता विचार करा, लोक रात्रभर बसायचे ते पदं ऐकायला! पद रंगलं की वन्समोअर, मग परत वन्समोअर. तेवढा वेळ समोरच्या नटाने काय करायचं? भूमिका न सोडता उभं राहायचं, आणि पद संपलं की थांबलेली गोष्ट पुन्हा चालू करायची. मला तर हे गाण्याइतकंच अवघड वाटतं.

१९११ च्या ‘मानापमान’मध्ये बोडस लक्ष्मीधर झाले. श्रीमंत, भित्रा, दागिन्यांचा शौकीन. नायक धैर्यधर, नायिका भामिनी म्हणजे बालगंधर्व, आणि हशा मात्र लक्ष्मीधराचा.

१९१६ च्या ‘संशयकल्लोळ’मध्ये तर गंमतच आहे. गाणारी जोडी रेवती आणि अश्विनशेठ. बोडस झाले फाल्गुनराव, म्हणजे संशयी नवरा. रस्त्यात चक्कर आलेल्या रेवतीला तो सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला मिळते, ती फाल्गुनरावाला दिसते. झालं! दोघांनाही पुरावा मिळाला. आज तसबिरीच्या जागी मोबाईलमधला फोटो ठेवा, नाटक तसंच्या तसं चालेल. गाणी रेवतीची, पण गोष्ट पळते ती फाल्गुनरावाच्या संशयावर.

मग १९१९ मध्ये गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ आलं. बालगंधर्व सिंधू आणि बोडस तिचा दारूडा नवरा सुधाकर. कालपर्यंत हसवणारा माणूस इथे प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणत होता. नाटक सुधाकराचंच आहे, तरी पदांमुळे लोकांच्या तोंडी सिंधूच राहिली.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार बालगंधर्वांना १९५५ मध्ये मिळाला, बोडसांना १९५६ मध्ये. इथेही पाठोपाठच! १९६५ मध्ये, पंच्याऐंशीच्या वयात, ते गेले.

बालगंधर्वांची पदं आज यूट्यूबवर सर्च केली की लगेच सापडतात, कारण तेव्हा तबकड्या निघाल्या त्या गाण्यांच्या. वाक्य टाकण्याआधीचा तो थांबा, तो चेहरा तबकडीत कसा येणार? बोडसांनी आत्मचरित्र मात्र लिहून ठेवलंय. नाव आहे ‘माझी भूमिका’. जुन्या वाचनालयात चौकशी करून बघा.