मांजरांचा अवचित कलह

वर्षानुवर्षे एकाच गोधडीवर निजणारी दोन मांजरे एखाद्या सायंकाळी एकमेकांवर तुटून पडतात, आणि घरातील मंडळी ‘मत्सर’ असा निवाडा देऊन मोकळी होतात. कारण बहुधा निराळेच असते. खिडकीबाहेरून परका बोका जातो. आतील मांजरास त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. चेतलेला क्षोभ मग शेजारच्या निरपराध सोबत्यावर कोसळतो. यास ‘अन्यत्र वळलेले आक्रमण’ म्हणता येईल.

कधी वास हेच निमित्त होते. मांजरे परस्परांना पुष्कळ अंशी गंधावरून ओळखतात. पशुवैद्याकडून परतलेल्या मांजराच्या अंगाला औषधांचा दर्प येतो, आणि घरचेच मांजर परके ठरते.

अशा झुंजीत हात घालू नये. मध्ये पुठ्ठा सरकवून दोघांना निरनिराळ्या खोल्यांत ठेवावे. मांजराचा दात बारीक असला तरी खोल जातो व जखम चिघळते. माणसास चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्वरित डॉक्टरांकडे जावे. रेबीजची शंका येथे गौण मानू नये.

मांजराचा क्षोभ कित्येक तास, क्वचित काही दिवसही टिकतो. तो शमण्याआधीच दोघांना कुशीत घेऊन समेट घडविण्याची हौस हानिकारकच. प्रथम एकाचे अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत ठेवावे, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंस अन्न द्यावे. भेट त्यानंतर, आणि तीही अल्पकाळाची. खिडकीचा खालचा भाग कागदाने झाकावा. काहीच कारण दिसत नसेल, तर पशुवैद्याकडून तपासणी करवावी. दुखरा दात किंवा सांधाही मांजरास असा चवताळवितो.